फोन ठेवायचा नाही

माझा आवाज मोठा आहे. लहानपणापासून सगळे मला हे सांगत आलेत, आणि मी त्याबद्दल एकदाही कोणाची माफी मागितलेली नाही. बायकांच्या सर्जरी वॉर्डाच्या एका टोकाला उभी राहून मी नुसतं ‘सलाइन कोणाचं संपलंय?’ म्हटलं, की दुसऱ्या टोकाला दोघी धावत सुटतात. तोंडावर मला सगळ्या ‘मोठ्या सिस्टर’ म्हणतात. पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतात. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. एवढी वर्षं वॉर्डाची इन्चार्ज म्हणून काढली, ती काही गोडगोड बोलून नाही काढली.

अशा माझ्या वॉर्डात ती मुलगी नवी नर्स म्हणून आली. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहून काहीतरी बोलली. ओठ हलले एवढं मला दिसलं. मी म्हटलं, “अगं, बोलतेयस की देवाचं नाव घेतेयस?” बाकीच्या हसल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव ‘कुजबुज’ पडलं. ठेवलं मीच.

कामाला मात्र पोरगी वाघीण होती. तिने सुई टोचली की पेशंट विचारायची, “कधी टोचणार?” जखम धुताना बायका तिच्याशी गप्पा मारायच्या, म्हणजे बायका बोलायच्या आणि ही ऐकायची. कोणती पेशंट रात्री रडली, कोणी गोळी उशीखाली लपवली, कोणाला नवऱ्यासमोर दुखतंय म्हणायची लाज वाटते, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. पण कळून उपयोग काय? घोडं पेंड खायचं ते फोनपाशी.

आमचे सर्जन हाताचे सोन्यासारखे. माणूसही वाईट नाही. फक्त त्यांना घाई फार. तुम्ही फोनवर काहीही सांगा, ते एकच शब्द म्हणतात, “मग?” त्या ‘मग?’ने भल्याभल्यांची बोबडी वळते. कुजबुजचा फोन म्हणजे असा: “सॉरी सर, डिस्टर्ब करतेय, तुम्ही कामात असाल, म्हणजे तशी घाई नाहीये, पण जमलं तर...” पलीकडून “मग?” आणि ही, “नाही, काही नाही सर. सॉरी.” फोन खाली.

एकदा एका बाईच्या टाक्यांची जागा लाल झाली, ताप चढायला लागला. कुजबुजने ते बरोबर ओळखलं, फोनही बरोबर वेळी केला. पण तिने तो अशा काही सुरात केला की सर्जनना वाटलं, उद्याच्या राउंडला बघू. दुसऱ्या दिवशी टाके उघडून पू काढावा लागला. बाई बरी झाली, पण बिचारीचा मुक्काम लांबला, आणि तिच्या नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये उभं राहून जे तोंड सोडलं ते पार मेट्रनच्या केबिनपर्यंत ऐकू गेलं.

मेट्रन आणि मी एकाच बॅचच्या. ती मेट्रन झाली आणि मी नाही झाले, कारण मी मीटिंगमध्ये मनातलं बोलते. तिने मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“ती तुझी मुलगी,” ती म्हणाली, “तिचं प्रोबेशन या महिनाअखेर संपतंय. मला मुकी नर्स नको. हुशार असेल, असू दे. पेशंट बिघडला आणि हिच्या तोंडून शब्द फुटला नाही, तर त्या हुशारीचं काय लोणचं घालायचंय? रिपोर्ट तू लिहिणार आहेस. बोलू शकते की नाही, एवढंच लिही.”

“आणि ‘नाही’ असं लिहिलं तर?”

“तर ती घरी. मी हे मनापासून सांगतेय, तुला माहितेय.”

माहीत होतंच. मी कुजबुजला सगळं जसंच्या तसं सांगितलं. गोड गोळीत लपवून कडू औषध द्यायची मला सवय नाही. तिचे डोळे भरले. ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “मोठ्याने.” ती पुन्हा म्हणाली, “मला दुसरं काही करायचंच नाही, सिस्टर. मला नर्सच व्हायचंय.”

“झालीयेस तू नर्स. आता लोकांना ऐकू येऊ दे.”

त्याच सुमारास आमच्याकडे एक ट्रेनिंग झालं. टाय लावलेले एक गृहस्थ आम्हाला संवाद शिकवायला आले होते. ते म्हणाले, पेशंटशी बोलताना नेहमी त्याच्या डोळ्यांत बघा. मी हात वर करून विचारलं, “कमरेवर इंजेक्शन देतानासुद्धा?” हॉलमध्ये जो हशा पिकला त्यात त्यांचा पुढचा अर्धा तास वाहून गेला. पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या एका तक्त्यात दम होता. डॉक्टरला फोन करताना कोणत्या क्रमाने बोलायचं, ते त्यात होतं. त्याला त्यांनी एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. मी ते घरी येईपर्यंत विसरले आणि आमच्या वॉर्डापुरतं बाळबोध करून टाकलं: कोण, काय, कशामुळे, काय हवं. मी कोण आणि कुठून बोलतेय. काय दिसतंय. मला ते कशामुळे वाटतंय. मला तुमच्याकडून काय हवंय. आणि पाचवी गोष्ट माझ्या पदरची: उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

दुपारची शांतता झाली की मी कुजबुजला चादरींच्या खोलीत न्यायचे. फडताळात धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही. ती एका स्टुलावर, मी एका उलट्या बादलीवर. हातात फोन म्हणून साबणाची डबी. मी सर्जन व्हायचे. खरं सांगायचं तर मला ते काम फार आवडायचं.

“बोला!” मी डबीत ओरडायचे.

“सॉरी सर...”

“सॉरी कशाबद्दल? काय केलंस तू? पुन्हा.”

“सर, मी सर्जरी वॉर्डातून बोलतेय. पेशंटचा ताप वाढलाय. जखम लाल आहे. मला वाटतं आत पू झालाय.”

“मग?”

इथे ती गप्प. दर वेळी इथेच गप्प. डबी मांडीवर, नजर जमिनीवर.

“अगं बये, ‘मग?’ म्हणजे शिवी नाही. तो प्रश्न आहे. त्याला उत्तर असतं. ‘मग तुम्ही या.’ म्हण!”

“मग... तुम्ही येता का?”

“येता का नाही! हळदीकुंकवाला बोलावतेयस का? ‘या!’”

ती “या” म्हणायची, पण असं, की मांजरसुद्धा आलं नसतं. मी चिडायचे, ती रडायची, मग मी तिला चहा पाजायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत डब्या घेऊन बसायचो. हळूहळू ‘सॉरी’ गेलं. ‘जमलं तर’ गेलं. वाक्यं चोख यायला लागली. पण आवाज तेवढाच राहिला, आणि ‘मग?’नंतरची ती जागा रिकामीच राहिली.

घरी मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगायचे. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. माझ्या अगदी उलट स्वभाव. आयुष्यभर नवशिक्यांच्या शेजारी बसून एकदाही ओरडले नाहीत, आणि अजून जिवंत आहेत.

“पोरगी गाडी हळू चालवते, एवढंच ना?” हे म्हणाले. “हळू चालवणाऱ्याची मला भीती नाही वाटत. वेळेवर ब्रेक दाबते का, ते बघ.”

“दाबेल की नाही तेच कळत नाहीये.”

“ते शेजारी बसून नाही कळत. शेजारचा सारखा ओरडत असेल तर मुळीच नाही.”

हा टोला मला होता. मी भाजी चिरायला निघून गेले.

आता या सगळ्यात माझ्या पोटात खडे होते, हे सांगायचं राहिलं. पित्ताशयात. कळ यायची, मी कपाटाला धरून उभी राहायचे, जायची. दुखणं अंगावर काढू नका म्हणून मी पेशंटना रोज झापते, आणि स्वतः मात्र ते वर्षभर अंगावर काढलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. शेवटी एक दिवस राउंड चालू असतानाच मी घामाघूम होऊन खाली बसले, आणि सर्जन म्हणाले, “सिस्टर, आता मी तुमचं ऐकणार नाही.” ऑपरेशन ठरलं. मी हट्टाने माझ्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या कॉटवर राहिले. तिथून सगळा वॉर्ड दिसतो.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं आणि छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशीला टेकून माझा कारभार सुरू केला. “त्या पडद्याची एक कडी निसटलीये.” “समोरच्या आजींना कुशीवर वळवा, पाठ लाल होईल.” “ट्रॉलीचं चाक कुरकुरतंय, तेल घाला.” बाजूच्या कॉटवरची बाई म्हणाली, “सिस्टर, तुम्ही ॲडमिट आहात की ड्यूटीवर?” त्या दिवशी वॉर्ड कुजबुजकडे होता. ती माझी नाडी बघायला आली तेव्हा मी तिला मनगटावर बोटं कुठे ठेवायची तेसुद्धा सांगितलं. ती नुसती हसली.

दुपारी माझा डावा खांदा दुखायला लागला.

आता, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो. पोट फुगवायला आत हवा भरतात, ती थोडी उरते आणि वरती टोचते. हे मी आजवर इतक्या बायकांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. “गॅस आहे हो, जरा चाला, जाईल.” तेच मी स्वतःला सांगितलं. खांदा दुखतोय, म्हणजे गॅस. तहान लागलीये, म्हणजे उकडतंय. पोट घट्ट वाटतंय, तोही गॅस. घाम आला तेव्हा मी पंख्याकडे बघितलं. तो फिरत होता. मी पुन्हा म्हटलं, गॅस. डोळे मिटून पडावंसं वाटत होतं, तशी मी पडले.

भेटीच्या वेळेला हे आले, शेजारी खुर्चीवर बसले. मी म्हटलं, गॅस आहे. बरं, म्हणाले. हे पेपर वाचत होते. पण पान उलटत नव्हते, हे मला नंतर आठवलं.

थोड्या वेळाने कुजबुज औषधांची ट्रॉली घेऊन आली. ट्रॉलीचं चाक कुरकुरलं. पडद्याची कडी तशीच लोंबत होती. ती माझ्या कॉटपाशी थांबली आणि बघत राहिली.

“काय?” मी म्हटलं.

“सिस्टर, चाकाला अजून तेल घातलं नाहीये.”

“बरं.”

“पडदाही तसाच आहे.”

“असू दे गं.”

तिने ट्रॉली तिथेच सोडली. माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मग परत मोजली. हात थंड आहेत म्हणाली. खालची पापणी ओढून बघितली. पोटावर अलगद तळवा ठेवला, आणि मी नको नको म्हणत असताना दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं.

“सकाळी नाडी नव्वद होती. आता एकशेवीसच्या वर आहे. बीपी उतरायला लागलंय,” ती म्हणाली. “मी सरांना फोन करते.”

“वेडी आहेस का? गॅस आहे. सर थिएटरमध्ये असतील. उगाच त्यांना...” मला वाक्य पूर्ण करायला श्वास पुरला नाही. “खबरदार फोन केलास तर. मी सांगतेय ना.”

“जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही एकदाही मला रागावला नाहीत,” ती म्हणाली. “कोणालाच रागावला नाहीत. वॉर्ड एवढा शांत कधी नसतो.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. “अहो, तुम्ही सांगा हिला.”

ह्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तोच, शिकवतानाचा. “स्टिअरिंग तिच्या हातात आहे,” म्हणाले. “मी मधे हात घालणार नाही. तूही घालू नकोस.”

कुजबुजने वॉर्डातला बिनतारी फोन आणला आणि माझ्या कॉटपाशीच उभी राहिली. एका हाताने फोन, दुसरा हात माझ्या नाडीवर. मला वाटतं तिला मी ऐकायला हवी होते. पलीकडे थिएटरची सिस्टर होती. सर ऑपरेशनमध्ये आहेत, नंतर कर म्हणाली. एरवी कुजबुजने इथेच ‘सॉरी’ म्हणून फोन ठेवला असता.

“फोन स्पीकरवर लावा,” ती म्हणाली. “सरांना इथून ऐकू येईल असा. मी थांबते.”

आवाज मोठा नव्हता, बरं का. तेवढाच होता, नेहमीचा. पण आजूबाजूच्या कॉटांवरच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या.

“सर, सर्जरी वॉर्डातून बोलतेय, मोठ्या सिस्टरांजवळ उभी आहे. नाडी नव्वदवरून एकशेवीसच्या वर गेलीये, बीपी उतरतंय, हात थंड, पापणी पांढरी, पोट कडक. खांदा दुखतोय. मला वाटतं पोटात रक्तस्राव होतोय.”

आणि फोनमधून तो शब्द आला.

“मग?”

माझ्या नाडीवरची तिची बोटं घट्ट झाली. मी, दुखण्याने अर्धी झालेली मी, त्या क्षणी चादरींच्या खोलीत होते, आणि मनातल्या मनात ओरडत होते, म्हण! स्वतःसाठी नव्हे. माझा अजून गॅसवरच विश्वास होता. तिच्यासाठी.

“मग तुम्ही या,” ती म्हणाली. “आत्ता.”

सर म्हणाले, “मोठ्या सिस्टर शुद्धीवर आहेत ना? त्यांना दे जरा.”

यात त्यांची चूक नव्हती. इतकी वर्षं या वॉर्डाबद्दल काही शंका आली की ते मलाच विचारत आलेत. मी आहे म्हटलं की आहे, नाही म्हटलं की नाही. कुजबुजने फोन माझ्या कानाला लावला. आणि मी, एवढी जुनी, एवढी जाणती, आयुष्यभर लोकांना बोलायला शिकवणारी, काय म्हणाले माहितेय?

“काही नाही हो सर. गॅस आहे. पोरगी नवीन आहे, घाबरते.”

हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर काय आलं, ते मी कधी विसरणार नाही. राग नव्हता. आपलं नाव, आपली नोकरी, सगळं मी त्या एका वाक्यात खाली टाकलंय, हे तिला कळलं होतं. तिने माझ्या कानापासून फोन काढून घेतला.

“सर, त्या आज इन्चार्ज नाहीत, पेशंट आहेत. पेशंट काही नाही म्हणतात, ते आपण ऐकतो, पण त्यावर थांबत नाही. माझं चुकलं तर मी चुकले. तुम्ही या, नाहीतर दुसऱ्या सर्जनना पाठवा. कोण येतंय ते सांगा. तोपर्यंत मी फोन ठेवत नाहीये.”

गुरूची विद्या गुरूला! पाचवी गोष्ट तर माझ्याच पदरची.

“इथले टाकेच राहिलेत, ते असिस्टंट घालेल,” सर म्हणाले. “आलो. रक्त मागव.”

“रक्त मागवते. ॲनेस्थेशियाला आणि थिएटरला सांगते, दुसरं टेबल तयार ठेवायला. बरोबर?”

“बरोबर.”

मगच तिने फोन ठेवला. सर टोपीसकट धावत आले. पोटावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि ‘मग’बिग काही म्हणाले नाहीत. मला ढकलगाडीवर घेताना ह्यांनी माझा हात धरला होता, आणि आयुष्यात कधी न ओरडलेला तो माणूस ओरडला, “लवकर चला!” तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे गॅसचं काही खरं नाही. आणि मी घाबरले. चांगलीच घाबरले. ती बाजूने चालत होती, माझ्या डोक्याशी वाकून म्हणाली, “मी आहे, सिस्टर. थिएटरच्या दारापर्यंत आहे.” एवढ्या हळू आवाजात बोललेलं मला एवढं स्पष्ट कधी ऐकू आलं नव्हतं.

आत एक चिमटा सरकला होता. रक्तवाहिनी बंद करायला बारीक चिमटे लावतात, त्यातला. कोणाची चूक नाही, क्वचित होतं असं. पोटात भरपूर रक्त साठलं होतं. हे सगळं मला नंतर ह्यांनी सांगितलं. सर म्हणे बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, “अजून थोडा वेळ या ‘गॅस गॅस’ करत बसल्या असत्या, तर...” एवढं सांगून हे उठून खिडकी बंद करायला गेले. खिडकी बंदच होती.

मी वॉर्डात परत आले ती आवाज घालवूनच. घशात नळी घातली होती, त्यामुळे घसा सोलवटला होता. तोंड उघडलं की नुसती हवा. समोरच्या आजींनी मला हाक मारून सांगितलं, “सिस्टर, काळजी करू नका, चाकाला तेल घातलंय.” सगळा वॉर्ड हसला आणि मला हसताही येईना, टाके दुखत होते. भोंगा बिघडला, ही बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या मजल्यांवर पोहोचली असणार.

रिपोर्टची तारीख उद्यावर आली होती. संध्याकाळी मेट्रन मला बघायला आली. पांढरीशुभ्र साडी, हातात फाइल. आधी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, ते तिने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत केलं नव्हतं. मग खुर्ची ओढून बसली.

“घाबरवलंस गं,” ती म्हणाली. “हे बघ, सरांनी मला सांगितलंय काय काय झालं ते. पण मला तुझ्या तोंडून हवंय. इतरांचं ठीक आहे, तू त्या मुलीला रोज बघतेस. तो एक प्रसंग होता. पुन्हा वेळ आली तर ती बोलेल का? माझ्यासारखीच्या समोर बोलेल?”

मला पुष्कळ सांगायचं होतं. की आवाज मोठा असणं म्हणजे बोलता येणं नव्हे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कॉटवर पडून कळलं. की मी तिला फोनवर बोलायला शिकवत होते, आणि ती मी गप्प झाल्याचंसुद्धा ऐकत होती. की मी तिला खाली पाडलं आणि तरी तिने मला वर उचललं. घशातून फुसफुस निघाली.

“काय?” मेट्रन पुढे वाकली. “पुन्हा सांग.”

मी पुन्हा प्रयत्न केला. खोकला आला, टाक्यांत कळ गेली, डोळ्यांसमोर काजवे चमकले.

तेवढ्यात कुजबुज आली. तिने माझी उशी सरळ केली, पाण्यात भिजवलेला कापूस ओठांना लावला, आणि मेट्रनकडे वळली. तिचे हात एकमेकांत गुंफलेले होते. पण ते मागे, मेट्रनला दिसणार नाहीत असे. मला दिसत होते.

“मॅडम, मी या वॉर्डाची आजची सिस्टर. पेशंटला बोलायची मनाई आहे, आणि तुम्ही त्यांना बोलायला लावताय. त्यांना खोकला आला तर टाक्यांवर ताण येईल असं मला वाटतं. भेटीची वेळही संपलीये.” तिने एक श्वास घेतला. “तुम्ही आता जा.”

मेट्रनला आजवर तिच्या नवऱ्यानेही ‘जा’ म्हटलं नसेल. ती, मी तिला ओळखते ना, हसू ओठांत दाबून म्हणाली,

“मग?”

सर्जनकडूनच उचललं असणार.

“मग उद्या चार वाजता या,” कुजबुज म्हणाली.

मेट्रन उठली. फाइल उघडली, उभ्याउभ्याच त्यात एक शब्द लिहिला, आणि मला दिसेल अशी धरली. ‘बोलते.’ खाली सहीसाठी जागा माझी होती. मी खुणेने पेन मागितलं आणि सही केली, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, टाक्यांमुळे नव्हे. मेट्रन जाताना दाराशी थांबून पडद्याची निसटलेली कडी स्वतःच्या हाताने अडकवून गेली.

मी कुजबुजला जवळ बोलावलं. तिला निदान एवढं तरी सांगायचं होतं की आजपासून ते नाव मी बदलतेय. मी तोंड उघडलं.

“तुम्हीसुद्धा, मोठ्या सिस्टर,” ती म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी गप्प बसले.